काचेमागचं जोडपं

रेवा आणि अर्जुन, मागच्या महिन्यात तुम्ही तुमच्या अमेरिकेतल्या गावातल्या संग्रहालयातून मला काही फोटो पाठवलेत. जुने, काळेपांढरे. रुंद हॅट घातलेली माणसं लांबलचक वाफ्यांत वाकून लेट्यूस कापताहेत, आणि खाली एवढंच लिहिलेलं की हे फिलिपिनो शेतमजूर, मंदीचा काळ. अर्जुनने विचारलं होतं, "आजी, ही माणसं एवढ्या लांबून इथं आली होती, हे तुला माहीत होतं?" माहीत होतं, बाळा. तुमच्या आईचा जन्मही झाला नव्हता, तेव्हापासून माहीत होतं. दौंडला आमच्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर बसून, चहा बशीत ओतून पिता पिता एका माणसाने मला ते सांगितलं होतं. त्याचे वडील त्यांच्यातलेच एक होते. मी हे फोनवर सांगायला गेले की तुम्ही मध्येच "हो आजी" म्हणता आणि मला कळतं की तुमचं जेवण निवतंय. शिवाय मोतीबिंदू काढल्यापासून मला ओळी पुन्हा सरळ दिसू लागल्या आहेत, आणि त्या दिवसांबद्दल जिला काही विचारता आलं असतं ती माझी आत्या आता नाही. तेव्हा लिहूनच टाकते. जिथे अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

आमचं घर स्टुडिओच्या मागेच होतं. पुढे दुकान, मध्ये अंधारी खोली, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. स्टेशन इतकं जवळ की इंजिनाची शिट्टी झाली की फळीवरची भांडी किणकिणायची, आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर कोळशाचे बारीक कण बसायचे. दौंड हे थांबण्याचं गाव नव्हतं. गाड्या यायच्या, इंजिनं बदलायच्या, पाणी भरून पुढे सोलापूरकडे नाहीतर मनमाडकडे जायच्या. मला तेव्हा वाटायचं की सगळं जग आमच्या दाराशी येऊन दम खातं आणि मला न घेता निघून जातं. रेल्वे कॉलनीतल्या इंग्रजी शाळेत मी शिकले होते, पुण्याला राहून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, आणि आता परत येऊन आईबरोबर डाळ निवडत होते. निवडलेली डाळ पुन्हा निवडायची मला सवय लागली होती. हात थांबले की जीव कासावीस व्हायचा.

वर्षं दुष्काळाची होती. ज्वारी बाजारातून नाहीशी झाली होती आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना कडेने फाटायची, तव्यावर टाकताना मोडायची आणि खाताना घशात अडायची. आई रोज त्या पिठाला नवं नाव ठेवायची. पण घरातली खरी भांडणं व्हायची ती पाण्यावरून. माझे वडील, ज्यांना आम्ही आणि अर्धं गाव नाना म्हणायचो, त्यांचा धंदाच पाण्याचा. कागदावरचं औषध नीट धुऊन निघालं नाही तर फोटो काही महिन्यांत पिवळा पडतो, आणि पिवळा पडलेला फोटो म्हणजे नानांच्या दृष्टीने फसवणूक. आई शिरूरची, तिच्या बोलण्यात शिरूरचा ठसका होता. ती न्हाणीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "फोटू धुवायला पाणी हाय, आन् डाळ शिजवायला न्हाई? लोकांची तोंडं धुवून काढा तुम्ही, आम्ही पारोसंच ऱ्हातो." नाना एक हंडा तिच्याकडे सरकवायचे आणि फोटोंचं उरलेलं पाणी घेऊन अंधाऱ्या खोलीचं दार लावून घ्यायचे.

नानांची फोटोग्राफीची काही तत्त्वं होती. फोटोत माणूस नीटच दिसला पाहिजे, हे पहिलं. त्यासाठी स्टुडिओत खुंटीवर एक काळा कोट आणि एक टाय कायम टांगलेला असे. तो कोट दौंडातल्या किती नवरदेवांनी घातला असेल याला गणती नाही, जाड्यांची बटणं उघडी आणि बारक्यांच्या पाठीत पिना. मागे पडद्यावर तळं, हंस आणि कुठेच न जाणाऱ्या संगमरवरी पायऱ्या. आणि दुकानाच्या दर्शनी भागात काचेचं शोकेस. त्यात फक्त जोडप्यांचे फोटो लागत, आणि तेही लग्नानंतर काढलेले. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण गावाला तो पाठ होता. बाजाराला आलेल्या बायका काचेला नाक लावून उभ्या राहायच्या आणि कुणाचं कुणाशी जमलं ते तिथूनच त्यांना कळायचं. माझाही एक फोटो नानांनी काढून ठेवला होता, पण तो शोकेससाठी नव्हता, स्थळांना पाठवण्यासाठी होता. त्यात त्यांनी माझा चष्मा काढून ठेवला होता, त्यामुळे मी कुठेतरी लांब, फार गूढ काहीतरी पाहत असल्यासारखी दिसत होते. खरं म्हणजे मला समोरचा कॅमेराही धड दिसत नव्हता.

अशात एके दिवशी दुकानापुढे धुळीने माखलेली जीप थांबली आणि तिच्यातून एक ठेंगणा, रुंद गालफडांचा, बारीक डोळ्यांचा माणूस गळ्यात दोन कॅमेरे अडकवून उतरला. शेजारचा पानवाला लगेच म्हणाला, "नाना, तुमच्याकडं गुरखा आलाय." त्या दिवसापासून दौंडात तो 'गुरखा साहेब'च राहिला. त्याचं नाव बेन. दुष्काळी भागात धान्य वाटणाऱ्या एका परदेशी मिशनने त्याला मजुरांचे फोटो काढायला पाठवलं होतं. त्याला फिल्म धुऊन हवी होती, पण त्याहून जास्त हवं होतं ते कुणीतरी इंग्रजी आणि मराठी दोन्ही जाणणारं माणूस. नाना माझ्याकडे पाहत म्हणाले, "आमच्या मुलीला येतं." आतून आईचा भांडं आपटल्याचा आवाज आला. परक्या पुरुषाबरोबर वयात आलेली मुलगी जीपमधून जाणार नाही, हे तर उघडच होतं. तोडगा माझ्या आत्याने काढला. आत्या, म्हणजे नानांची थोरली बहीण भागीरथी, तरुणपणी विधवा होऊन आमच्याकडे राहायला आलेली, तोंडाने फटकळ आणि हिंडण्याची हौस दांडगी. "मी जाते हिच्याबरोबर," ती म्हणाली. "तेवढंच जीपमध्ये बसणं होईल."

आम्ही कालव्याकडेने खुटबावच्या बाजूला गेलो. बाकी सगळीकडे जमीन भाजून निघालेली, आणि कालव्याच्या पट्ट्यात मात्र उसाचे हिरवे तुकडे उभे, हे पाहताना डोळ्यांना विचित्र वाटायचं. तिथे नगर-बीडकडून आलेली ऊसतोडणीची टोळी उतरली होती. पाचटाच्या बुटक्या कोप्या, बैल, धूर, कुत्री. टोळीचा मुकादम पुढे आला. बेनने विचारलं, किती माणसं आहेत. मुकादम म्हणाला, "बारा कोयतं." मी ते तसंच सांगितलं आणि बेन गोंधळला. हा माणसं विचारतोय आणि तो हत्यारं मोजतोय. मुकादम हसला. "आवो ताई, कोयता म्हंजी दोन माणसं. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकट्याला कोण कामावर घेतंय?" मी बेनला सांगितलं की कोयता म्हणजे मिळून काम करणारे दोघं. त्याला तो शब्द फार आवडला. पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, कोयता, कोयता, आणि भराभरा उसात शिरला. त्याला स्थिर उभं राहताच येत नसे. बोलतानाही तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत असे.

उन्हाने आत्याचं डोकं चढलं म्हणून आम्ही एका कोपीच्या सावलीत बसलो. आत सुभद्रा नावाची बाळंतीण होती, शेजारी तान्हं मूल. तिने आम्हाला गाडग्यातलं पाणी दिलं आणि सांगितलं, की तिचा नवरा ज्ञानोबा उसात आहे, ती बाळंतपणामुळे पडून आहे, म्हणून यंदाचा त्यांचा कोयता ज्ञानोबा आणि त्याची बहीण केसर असा आहे. केसरची सुपारी फुटली होती. मुलगा भांडगावजवळ उतरलेल्या दुसऱ्या टोळीतला. गळीत संपलं की लग्न. हे सगळं सुभद्रा सांगत होती, तेवढ्यात स्वतः केसरच पाणी प्यायला आली. माझ्याच वयाची, उंच, काळीसावळी. उसाची पानं कापतात म्हणून तिने लुगड्यावर भावाचा शर्ट चढवला होता आणि त्याची बटणं पार गळ्यापर्यंत लावली होती. "वैनी, त्यो गुरखा निस्ता उड्या मारतोय उसात," ती म्हणाली. "म्हणलं, रातच्याला शिट्टी वाजवत फिरनारा दिवसा हितं काय करतोय?" मग आत्याकडे वळून म्हणाली, "काय आत्याबाई, येता का मोळी उचलायला? सावलीत बसून गोऱ्या हुशिला." आत्या म्हणाली, "ये इकडं, तुझी जीभ छाटते आधी, मग मोळी उचलते." दोघींचं तिथल्या तिथे जमलं. मी मात्र नुसतीच बघत होते. ती पाणी प्यायली आणि निघाली, तिला काम होतं. माझ्या हातात धरलेला रुमाल मी चुरगाळून त्याची दोरी केली होती.

पुढे काही दिवस असंच चाललं. सकाळी जीप, दुपारी फिल्म धुणं, संध्याकाळी पायरीवर चहा. बेन आणि नाना यांच्यात वाद व्हायचे आणि ते मला दोन्ही बाजूंनी वाहून न्यावे लागायचे. नाना म्हणायचे, "त्याला विचार, हा माणसांचे फोटो धुळीतच का काढतो? त्यांना सांगायला काय होतं, जरा तोंड धुवा, नीट उभे राहा?" तेव्हा बेनने खिशातल्या पाकिटातून दोन फोटो काढून पायरीवर ठेवले. एकात त्याचे वडील, झकपक सूट, टोपी, मोटारीच्या फळीवर ठेवलेला पाय. सूट भाड्याचा, मोटार दुसऱ्याची. हा फोटो त्यांनी फिलिपिन्सला आपल्या गावी पाठवला होता, आणि तो पाहून गावातली आणखी पोरं बोटीत बसून अमेरिकेला आली, की तिथे गेलं की असं होतं. दुसरा फोटो एका पुस्तकातून कापलेला. मंदीच्या दिवसांत कुणा फिरत्या फोटोग्राफरने काढलेला, शेतात वाकलेला माणूस, चेहरा हॅटखाली गेलेला. बेनची आई म्हणायची, हे तुझे बाबा, त्यांच्या कमरेच्या वाकण्यावरून मी ओळखते. बेन म्हणाला, "पहिला फोटो खोटा आहे." मी ते नानांना सांगितलं. नानांनी दोन्ही फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "त्याला म्हणावं, दुसऱ्यात तरी तुझा बाप कुठे दिसतोय?" बेनने ते ऐकलं, फोटो परत पाकिटात ठेवले आणि उठून रस्त्यावर फेऱ्या मारू लागला. मला तेव्हा दोघंही पटत होते आणि दोघांचाही राग येत होता.

मधेच मला आणि आईला शिरूरला जावं लागलं. मामांच्या घरी एक स्थळ मला बघायला येणार होतं. घोडनदीचं पात्र दगडगोट्यांनी भरून गेलेलं, मामींनी कुठून तरी पोहे मिळवले होते, आणि मी ताट घेऊन बाहेर गेले ती चष्मा लावून. मुलाच्या आईने हातातल्या फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. "फोटोत चष्मा नव्हता," ती म्हणाली. माझी आई म्हणाली, "फोटूत नंबर वाढलेला न्हवता." मामा खोकले. कळवतो म्हणून ती मंडळी गेली. येताना एसटीत मी चष्मा पुसत राहिले. एका चांगल्या दिसणाऱ्या फोटोने आपल्याबद्दल काहीतरी भलतंच सांगून ठेवलं, आणि आता ते आपणच निस्तरायचं, याने माझ्या अंगाची लाही होत होती. घरी गेल्या गेल्या नानांना विचारायचं, असं ठरवूनच मी बसले होते.

पण स्टुडिओपुढे गर्दी होती. बाजाराचा दिवस नव्हता, तरी ऊसतोडणीची माणसं, बैलगाडी, आणि मधे नाना अपराध्यासारखे उभे. शोकेसमध्ये, नेहमीच्या नवरा-नवरींच्या मधोमध, एक भलामोठा फोटो लावला होता. केसर आणि ज्ञानोबा, दोघांनी मिळून उसाची मोळी उचललेली, आणि मोळी डोक्यावर जाता जाता घसरली म्हणून दोघंही खळखळून हसताहेत. इतका सुंदर फोटो आमच्या दुकानात त्याआधी कधी लागला नव्हता. बेनच्या फिल्ममधून नानांनी तो स्वतः निवडून मोठा केला होता, पायरीवरच्या वादाचं त्यांच्या परीने दिलेलं उत्तर म्हणून. त्या टोळीत बाकीचे सगळे कोयते नवरा-बायकोचेच होते, आणि या दोघांना बेनने आमच्या नजरेआड उसात टिपलं होतं. त्यामुळे हेही नवरा-बायकोच असं समजून त्याने लहान प्रतीच्या मागे इंग्रजीत लिहिलं होतं, कोयता, म्हणजे 'कपल'. नानांना अक्षरं लागत होती, अर्थ त्यांनी शब्दकोशात पाहिला, आणि पाट्या रंगवणाऱ्याकडून खाली सुबक अक्षरांत लिहून घेतलं: 'ऊसतोडणी करणारं जोडपं'. मी घरी नव्हते, आत्याला वाचता येत नव्हतं. आणि बाजार झाला तो आदल्याच दिवशी.

बोलत होते ते तात्याबा, केसरचे होणारे सासरे. पांढऱ्या मिशा, हातात चाबूक, पण आवाज चढलेला नाही. "आप्पा," ते नानांना म्हणाले, "तुमच्या काचंत कोन बसतं हे आख्ख्या दौंडाला ठावं हाय. आन् खाली लिवलंय जोडपं. आमास्नी वाचता येत न्हाई, पर बाजारात वाचनारी लई हायती."

ज्ञानोबा उसळला. "तात्या, म्या सख्खा भाव हाय तिचा! तुमी आमच्या घरला येऊन सुपारी फोडली न्हवं?"

"मला ठावं हाय रं. मला काय सांगतूस? पर माझी भावकी काल मला इचारतीया, तात्याबा, तुमी दुसऱ्याची बायको सून म्हनून आनताय व्हय? त्यास्नी कोन सांगनार? म्या दर मानसामागं पळू का?"

नाना पुढे होऊन म्हणाले, "मी आत्ताच्या आत्ता काढतो. चूक माझी आहे."

"काडू नका," तात्याबा झटकन म्हणाले. "काडला की म्हनतील, खरं व्हतं म्हनूनच काडला."

केसर बैलगाडीच्या चाकाला टेकून उभी होती. परवाची ती जीभ कुठे गेली होती कुणास ठाऊक. तिची नजर काचेवर होती, स्वतःच्याच हसण्यावर. लग्न मोडलं तर ते नुसतं मोडत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पुढच्या हंगामात कुठल्याही टोळीत गेली तरी 'तीच ती, फोटोतली' म्हणून ती ओळखली गेली असती.

नाना आत धावले आणि बेनच्या निगेटिव्ह घेऊन आले. भिंग लावून दारातल्या उजेडात एकेक पाहू लागले. एका जागी थांबले. "हे बघ," मला म्हणाले. त्या निगेटिव्हमध्ये केसरने शर्टाची वरची बटणं सोडून घाम पुसायला मान मागे टाकली होती. गळा मोकळा होता. मंगळसूत्र नव्हतं. नानांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "हा लावतो. कुणीही बघावं. कुमारिका आहे हे दिसतंय." मी ते केसरला सांगितलं. ती चाकापासून सरळ झाली.

"गळा दावून लगीन करायचं व्हय?" ती म्हणाली. "बाजारात समद्यांनी काचंला डोळं लावून माझा गळा बघायचा, आन् मंग म्हनायचं, हां, कुवारी हाय? त्यापरीस मोडू द्या, तात्या. मी काय करंल ते माझं मी करंल."

 बेन मला विचारत होता, काय म्हणाली, काय म्हणाली, आणि मी त्याला हातानेच थांब म्हणत होते. रस्त्यापलीकडे मालगाडी शंटिंगसाठी मागेपुढे होत होती, डबे एकमेकांवर आपटत होते, आणि प्रत्येक आदळण्याबरोबर मला वाटत होतं, की आता कुणीतरी काहीतरी करायला हवं. आत्या उंबऱ्यावर बसून सुपारी कातरत होती. तिने अडकित्ता खाली ठेवला.

"ज्ञानोबा, तुझ्या पोराचं बारसं झालं का रे?"

ज्ञानोबा वैतागला. "कुठलं बारसं, आत्या? कामातनं सुट्टी कुठं हाय? पट्टा पडल्यावर, गळीत संपल्यावर बघू."

"मग नाव कोण ठेवणार?"

"कोन म्हंजी? आत्या ठेवती की. केसरच ठेवंल."

आत्याने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. पहिल्यांदा हसले ते तात्याबाच. हसू मिशीत दाबायचा त्यांनी प्रयत्न केला, पण दबलं नाही. मला समजायला एक क्षण जास्त लागला. रेवा, तुझ्या नावाच्या वेळी आपण हॉलमध्ये केक कापला, म्हणून हे तुला सांगते. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान बापाच्या बहिणीचा, म्हणजे आत्याचा. ती पाळण्यावर वाकते, कानाशी तोंड नेऊन 'कुर्र' करते, आणि त्याच क्षणी भोवतालच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आई असो, मावशी असो, काकू असो, त्या वेळी मार खायचा हक्क फक्त आत्याला. असा फोटो पाहिला की महाराष्ट्रातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, वाकलेली ती बाळाच्या बापाची बहीण.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बारसं झालं, आणि आत्याच्या हट्टामुळे ते झालं स्टुडिओच्या ओट्यावर, शोकेसच्या पुढ्यात, भर रस्त्यावर. छताच्या तुळईला सुभद्राच्या लुगड्याची झोळी बांधली. घुगऱ्यांना हरभरा कुठून आणणार? आईने लाल मिलोच शिजवून, मीठ आणि गूळ घालून, पराती भरून ठेवल्या. पाण्याचा एक शब्दही ती बोलली नाही. नाना सवयीने कोट हातात घेऊन ज्ञानोबाच्या मागे लागले, आणि ज्ञानोबाने तो घातलाही, पागोट्यासकट, बाह्या कोपरापर्यंत. तात्याबा आपली सगळी भावकी गाडीत घालून घेऊन आले. त्यांचा मुलगा बैलांशी उभा होता, मान खाली घालून, पण मधूनमधून वर बघत. बेन सारखा जागा बदलत होता. ओट्यावर, खाली, पानवाल्याच्या स्टुलावर.

बायकांनी बाळ झोळीच्या खालून वरून दिलं-घेतलं, कुणी गोविंद घ्या म्हणाली, कुणी गोपाळ घ्या. केसरने त्या दिवशी सुभद्राचं हिरवं लुगडं नेसलं होतं, डोक्यावर पदर होता. ती वाकली. तिचं 'कुर्र' मला ऐकू आलं, पुढचं नाव नाही, कारण तेवढ्यात धपाट्यांचा असा काही पाऊस पडला, की टोळीतल्या बायकांनी आठवडाभराची भडास काढली म्हणा ना. "अगं, मेले, मेले! तोडनीची मानसं हायसा का भुतं?" केसर ओरडली, आणि माझी आत्या, जिचा तिथे काही संबंध नव्हता, तिने मागून येऊन आणखी एक सणसणीत दिला. "जीभ परत आली बघ," ती म्हणाली. बेनने घाईघाईने मला विचारलं, "तिला का मारताहेत?" मी सांगितलं, ती बाळाच्या वडिलांची बहीण आहे म्हणून. हे ऐकून तो क्षणभर कॅमेरा डोळ्यांपासून दूर धरून तसाच उभा राहिला. मग त्याने फोटो घेतला.

तात्याबांनी मूठभर घुगऱ्या तोंडात टाकल्या आणि काचेसमोर जमलेल्या बाजाराकडे वळून मोठ्याने म्हणाले, "आता ज्याला काय इचारायचं हाय त्यानं हितं इचारा. घुगऱ्या गार व्हायच्या आत." कुणी काही विचारलं नाही. त्यांच्या भावकीतला एक म्हातारा तेवढा म्हणाला, "पोरीनं मार लई खाल्ला, पर मागं सरली न्हाई. टिकंल." ते सगळ्यांना पुरेसं होतं.

तो फोटो नानांनी दुसऱ्या दिवशी पहिल्या फोटोशेजारी लावला. पहिला काढला नाही, तात्याबांनी सांगितलं होतं, "ऱ्हाऊ द्या. खालचं अक्षर तेवढं बदला." या वेळी पाटी रंगवणाऱ्याला मजकूर केसरने स्वतः सांगितला, आणि मी समोर बसून प्रत्येक अक्षर तपासलं. पहिल्याखाली 'ज्ञानोबा आणि त्याची बहीण', दुसऱ्याखाली 'सोपानची आत्या'. बेनला मी दोन्ही वाचून दाखवलं. त्याने पाकिटातला वाकलेल्या माणसाचा तो फोटो काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा ठेवून दिला. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. त्याच आठवड्यात तो सोलापूरच्या गाडीत बसला. उसाचा तो पट्टा संपला, कोप्या मोडून टोळी पुढे गेली, आणि कालव्याकडेला नुसतं जळकं पाचट उरलं. शिरूरच्या मंडळींचा होकार आला, चष्म्यासकट. मी नाही म्हणाले. नानांनी कारण विचारलं नाही, आईने मात्र पुष्कळ दिवस विचारलं. पावसाळा लागायच्या आत मला पुण्यात शाळेत नोकरी मिळाली आणि दौंडातून निघणाऱ्या एका गाडीत अखेर मीही बसले.

केसरचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. पुढच्या हंगामात ती नवऱ्याबरोबर भांडगावकडे तोडणीला आली, आणि स्टुडिओत येऊन स्वतःहून म्हणाली, "आप्पा, आता काडा जोडप्याचा." नानांनी तो काढला, कोट, हंस आणि पायऱ्यांसकट, आणि तो काचेत न लावू देता ती घेऊन गेली.

स्टुडिओ आता नाही. तिथे मोबाईलचं दुकान आहे. बेनने काढलेले फोटो कुठे छापून आले का, हे मी तुमच्या आईच्या मदतीने कितीदा शोधलं, सापडले नाहीत. शोकेसमधले दोन्ही फोटो नाना गेल्यावर दुकान रिकामं करताना गहाळ झाले. केसर आहे. भांडगावलाच स्थायिक झालेल्या धाकट्या मुलाकडे राहते. तिला ऐकू कमी येतं, आणि उजव्या हाताला कोयत्याचे घट्टे अजून आहेत.